ठुबे सर आणि खोडावरची हरिता

ठुबे सरांना आमच्या गावातल्या बहुतेकांनी पहिल्यांदा पाठमोरंच पाहिलेलं असणार. त्यांची पुढची बाजू कुठल्या ना कुठल्या झाडाला चिकटलेली असायची.

मीही तसंच पाहिलं. पारनेरपासून आठ किलोमीटरवरच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू व्हायचं म्हणून एसटीतून उतरलो, तर रस्त्याकडेच्या आंब्याला कपाळ टेकवून एक गृहस्थ उभे. पांढरा सदरा, पायात चपला, एक पाय मुळावर. मला वाटलं, बिचाऱ्याच्या घरी काहीतरी विपरीत घडलंय. जवळ जाऊन हळूच विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?"

"द्या," ते मागे न बघता म्हणाले.

मी बाटली पुढे केली. त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि सगळंच्या सगळं खोडावर शिंपडलं.

"आता मोजा. वीसपर्यंत."

का कोण जाणे, मी मोजायला लागलो. सालीवर वाळलेल्या खरजेसारखा काळपट डाग होता. वीस मोजून व्हायच्या आत तो हिरवागार झाला. मोहरीच्या दाण्याहून बारीक पानं एकेक करून उघडली. मी बघतच राहिलो.

"मेलेलं नव्हतं, नुसतं वाळलं होतं," ते म्हणाले आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळले. कपाळावर सालीचा ठसा उमटला होता. "तुम्ही मराठीचे नवे सर ना? मी ठुबे, जीवशास्त्र. बाटली भरून आणा, पलीकडं अजून चार झाडं आहेत."

मुख्याध्यापकांकडे मी दीड तास उशिरा पोचलो. कारण सांगायच्या आधीच ते म्हणाले, "ठुबे भेटले का?"

सर जाऊन आता दोन पावसाळे झाले. त्यांची जन्मतारीख, पदव्या, बदल्या मला नीट ठाऊक नाहीत. आठवतं ते त्यांच्या खिशातलं सामान. करगोट्याच्या काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. न्हाव्याच्या दुकानातून मागून आणलेली फवाऱ्याची बाटली. आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या घड्या घालून केलेल्या पुड्या. खोडावरचा चिमूटभर नमुना पुडीत जायचा, वर झाडाचं नाव आणि तारीख. त्यामुळे सरांच्या घरी 'खालीलपैकी कोणतेही चार सोडवा' असं लिहिलेल्या शेकडो पुड्या होत्या. मावतील तिथं ठेवलेल्या.

यातली एक मसाल्याच्या फळीवर गेली. वहिनींनी ती कसुरी मेथी समजून बटाट्याच्या भाजीत चुरली. त्या दिवशी मी जेवायला होतो. भाजी चांगली झाली होती, असं मी म्हणालोही. सर हात धुवायला उठले, फळीकडे बघितलं आणि तिथंच थबकले.

"अहो, इथली हरिश्चंद्रगडाची पुडी?"

वहिनींनी कढईकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं. मला वाटलं, आता हे घर पेटणार. सर परत पाटावर बसले, खिशातून पेन काढलं आणि मला म्हणाले, "जाधव सर, नीट आठवून सांगा. कडू होती की तुरट?"

त्यांचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं, "पाणी घालून बघा." ते वाक्य झाडांपुरतं नव्हतं. एखाद्या पोराला कुणी मठ्ठ म्हटलं, की सर म्हणायचे, "मठ्ठ नाही तो. वाळलाय. पाणी घालून बघा." आणि खरोखरच त्या पोराला शाळा सुटल्यावर घेऊन बसायचे.

आता या वनस्पतीच्या नावाचं. गाव तिला शेवाळ म्हणायचं आणि सर चिडायचे. "शेवाळ पाण्यात! ही झाडावर राहते, हिला पानं आहेत, खोड आहे, डोक्यावर बीजाणूंची कुपी येते. तिला शेवाळ म्हणणं म्हणजे शेळीला मासा म्हणणं!" एक दिवस ते माझ्याकडे आले. "तुम्ही मराठीचे ना? मग मराठी शब्द द्या." मी पाठ्यपुस्तकं आणि कोश चाळले आणि 'हरिता' हा शब्द काढून दिला. सर खूश झाले. दिवसभर वर्गावर्गात हरिता, हरिता. पुढं जे घडलं त्याचं खापर अर्धं माझ्यावर फोडायला हरकत नाही.

श्रावणात सर सुट्टी काढून अकोले तालुक्याच्या डोंगरात, हरिश्चंद्रगडाकडे जायचे. तिकडं पाऊस आमच्यासारखा मोजून-मापून पडत नाही, झाडंच्या झाडं हिरवी मखमल ल्यालेली असतात. त्या वर्षी मला जमलं नाही. सरांनी तिथून फोटो पाठवले. मी उत्तर लिहिलं, "हरिता फारच सुंदर दिसतेय. वहिनींना दाखवलीत का?" सरांनी लिहिलं, "तिला यातलं काही कळत नाही. हरितेसाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा जाईन म्हणतो."

सर परत आले, मोबाईल चार्जिंगला लावून अंघोळीला गेले आणि वहिनींनी तो वाचला.

वहिनी कोपरगावच्या, उसाच्या शेतकऱ्याची लेक. रडणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी थेट भावाला फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे बंधू अण्णा जीप घेऊन हजर. सहा फूट उंची, मिशा, बरोबर चुलत भाऊ. मला निरोप आला. मी गेलो तेव्हा सर खुर्चीवर बसले होते आणि अण्णा समोर उभे.

"दाजी, सरळ इचारतो. कोन ही हरिता?"

सरांचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा सासरकडच्या कुणीतरी हा प्रश्न विचारला होता.

"अरे वा! बसा ना अण्णा. ती तशी सगळीकडं असते. पण आपलं लक्ष जात नाही."

"सगळीकडं?" अण्णांनी चुलत भावाकडे बघितलं.

"आपल्या गावातपन हाय. शाळेच्या रस्त्याला. पावसाळ्यात खुलते, उन्हाळ्यात अगदी मरगळते बिचारी. मी रोज पानी घालतो म्हणून." आनंद झाला की सरांची भाषा गावाकडे वळायची.

"आन् ह्यो मास्तर बी सामील हाय," वहिनी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "सुंदर दिसती म्हनं! ह्यानंच लिवलंय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर उठले. "चला, आत्ताच भेटवतो. अण्णा, तुम्ही भिंग घ्या. त्याशिवाय तिचं सौंदर्य कळत नाही."

आमची वरात आंब्याच्या झाडाशी पोचली. सर पुढे, मागे अण्णा बाह्या सरसावून, मग चुलत भाऊ, वहिनी, मी, आणि वाटेत जमलेली पंधरा-वीस माणसं. सरांनी खोडावर फवारा मारला. "ही घ्या. ही हरिता."

अण्णांनी खोडाकडे बघितलं, खोडामागे जाऊन बघितलं, वर फांद्यांत बघितलं. मग वहिनींना म्हणाले, "आक्के, ह्ये तर शेवाळ हाय."

"शेवाळ नाही!" सर ओरडले. आणि वहिनी पदर तोंडाला लावून खाली मुळावर बसल्या आणि इतक्या हसल्या, की डोळे पुसायला त्यांना दुसरा पदर मिळेना. त्या संध्याकाळी अण्णा भिंग लावून अर्धा तास खोडाशी वाकले होते. जाताना म्हणाले, "दाजी, लई बारीक काम हाय देवाचं."

तर हा आंबा सरांचा जीव की प्राण. रस्त्याच्या आठ आंब्यांपैकी याच एकावर ती हरिता कुप्या धरायची, आणि कुपीशिवाय ओळख पक्की होत नाही. सरांनी तिची जात ओळखली होती 'फॅब्रोनिया' म्हणून. खूण काय, तर पानाच्या मधोमध अर्ध्यापर्यंत गेलेली शीर. शाळेचा सूक्ष्मदर्शक मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात असायचा, फुटू नये म्हणून तो कुणालाच द्यायचे नाहीत. मग सर घरच्या एका काचपट्टीवर पान ठेवून भिंगातून बघायचे आणि दरवर्षी नववीच्या पोरांना दाखवायचे. "दिसली शीर? काय म्हणायचं हिला?" "फॅब्रोनिया!" असं अख्खा वर्ग कोकलायचा.

एका वर्षी गाव स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरलं. सरपंच सुमनताई हिरिरीच्या बाई. त्यांनी भिंती रंगवल्या, गटारं झाकली आणि रस्त्याच्या सगळ्या झाडांना चुना-गेरूचे पट्टे मारायला सांगितलं. सात आंबे रंगवून बबन पेंटर आठव्याशी आला, तर सर खोडाला पाठ लावून, हात पसरून उभे.

"सर, सरका. समिती उद्या यायलीय."

"सरकणार नाही. आधी मला रंगव, मग झाडाला हात लाव!"

बबन साधा माणूस. सरांचाच विद्यार्थी. गुरुजींची आज्ञा त्यानं कधी मोडली नव्हती. त्यानं ब्रश बुचकळला आणि सरांच्या पँटला गुडघ्यापर्यंत गेरू आणि वर कमरेपर्यंत चुना असा सुबक पट्टा मारून दिला.

सुमनताई धावत आल्या तेव्हा सर रंगवलेले तसेच उभे होते आणि बबन विचारत होता, "दुसरा हात मारू का सर?"

"बबन्या, अक्कल हाय का तुला?"

"सरच म्हनले."

बरीच बोलाचाली झाली. शेवटी ताई म्हणाल्या, "एक झाड ऱ्हाऊ द्या. पन समितीनं मार्क कापले तर तुमी बोलायचं. मी न्हाई."

समिती आली. तीन साहेब. पहिल्याच साहेबांनी बोट दाखवलं. "हे एकच का राहिलं?" सुमनताईंनी सरांकडे बघितलं. सरांनी फवारा मारला आणि भिंग साहेबांच्या हातात दिलं. साहेब वाकले. वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत. मग दुसरे वाकले. तिसऱ्यांची पाठ धरलेली, तरी तेही वाकले. चहा गार झाला, सत्काराचे नारळ तसेच राहिले, शाळेतलं स्वागतगीत पोरांनी तीनदा म्हटलं. गावाला तालुक्यात दुसरा नंबर मिळाला. सुमनताईंनी त्या आंब्याजवळ लोखंडी पाटी लावली : 'दुर्मिळ हरिता फॅब्रोनिया. ओळख पटवणारे : ठुबे सर.'

"दुर्मिळ नाहीये ओ ती," सर म्हणाले, पण पाटी रोज रुमालाने पुसायचे.

पाटी लागल्यावर त्यांना वाटलं, आता रीतसर शिक्कामोर्तब व्हावं. त्यांनी एक पुडी पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंना पाठवली. महिन्याने पत्र आलं. बाईंनी सुरेख अक्षरात लिहिलं होतं, की नमुना उत्तम आहे, पण पानाला शीर मुळीच नाही आणि कुपीच्या तोंडाला दातही नाहीत. तेव्हा ही फॅब्रोनिया नव्हे, एर्पोडियम आहे. आपल्याच देशातली, आंब्याच्या सालीवर आवडीने राहणारी.

सरांनी पत्र चार वेळा वाचलं. "बाईंचं वय झालंय," ते म्हणाले. मला घरी नेलं, काचपट्टीवर पान ठेवलं. "बघा. शीर आहे की नाही?"

मी बघितलं. शीर होती. चांगली ठसठशीत.

पण सर तीन दिवस जेवले नाहीत धड. चौथ्या दिवशी सकाळी दारात उभे. चेहरा उतरलेला. "जाधव सर, काल कांद्याचा पापुद्रा ठेवून बघितला. त्यालाही शीर आहे. डासाचा पंख ठेवला. त्यालाही तीच, तिथंच. मग हिच्या पातळाचा धागा ठेवला... माझ्या भिंगातच खोट आहे. चला, भिंगारला."

भिंग तपासायला भिंगारला, यात आपण काही विनोद करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. मोटरसायकलवरून आम्ही नगरजवळच्या भिंगारच्या जुन्या बाजारात गेलो. तिथं अत्तारचाचा म्हणून घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे होते, सरांनी भिंग त्यांच्याकडूनच घेतलेलं. चाचांनी डोळ्याला आपली नळी लावून भिंग उलटंसुलटं बघितलं.

"सर, काच एकदम साफ हाय. चरा न्हाई, डाग न्हाई."

सर हरखले. "मग शीर खरी!"

"दुसरं काय वापरता संगं?"

सरांनी रुमालात गुंडाळलेली काचपट्टी काढली. चाचांनी ती उजेडाकडे तिरपी धरली आणि हसले. "हा घ्या. मधोमध चरा. चांगला जुना हाय. कुणीतरी काहीतरी घासलंय सर यावर."

वहिनी करपलेला तवा खरवडायला ती काच वापरायच्या, हे मला माहीत होतं. मी दुकानातल्या घड्याळांकडे बघत राहिलो.

सर स्टुलावर बसले. मला वाटलं, पाटीचं दुःख असेल. पण ते म्हणाले, "किती पोरांना शिकवलं असेल मी हे?"

"सर, पोरांच्या लक्षात तरी असेल का?"

"माझ्या आहे ना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर सर पुढे आले आणि सगळ्या शाळेसमोर म्हणाले, "मी चुकलो. हरितेच्या पानाला शीर नाही. तिचं नाव एर्पोडियम. सगळ्यांनी म्हणा." सगळ्यांनी म्हटलं. मग त्यांनी बबनकडून ब्रश मागून घेतला आणि पाटीवरचं 'फॅब्रोनिया' स्वतः पुसलं, त्याच्याबरोबर स्वतःचं नावही. सुमनताई हळहळल्या, "अवो सर, समितीनं बघितलंय ते नाव!" तर सरांनी समितीला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं, 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.'

एवढ्यावर थांबले असते तर ते ठुबे सर कसले? त्यांनी जुने हजेरीपट काढले आणि शाळा सोडून गेलेल्यांना गाठायला सुरुवात केली. दूध घालणारा गणेश मोटरसायकलला कॅन लावून पारनेरकडे चालला होता. सरांनी आडवा हात केला.

"गणेश, ते फॅब्रोनिया नव्हतं."

"कोन नव्हतं सर?"

"आंब्यावरची हरिता. एर्पोडियम आहे ती. मी चुकीचं शिकवलं."

"अवो सर, मी त्या वर्षी नापास झाल्तो."

"माझ्याच विषयात ना? मग मी तुझं दुप्पट देणं लागतो. म्हण, एर्पोडियम."

भर रस्त्यात, कॅन हिंदकळत असताना, गणेश म्हणाला, "एर्पोडियम." सरांनी त्याच्या नावापुढे खूण केली.

तालुक्याच्या दवाखान्यात वैशाली नर्स होती. सर इंजेक्शन घ्यायला गेले. मी बरोबर होतो.

"वैशाली, ते फॅब्रोनिया नव्हतं बरं का."

"सर, हलू नका."

"पानाला शीर नाही."

"तुमचीबी शीर सापडंना, जरा हात सैल सोडा."

"एर्पोडियम."

"हां. एर्पोडियम. आता कापूस धरा." आणि मग सुई ठेवून ती एकदम सरांच्या पाया पडली. सर गांगरले. कापूस कुठं धरायचा हेच विसरले.

हे वर्षभर चाललं. वहिनी म्हणायच्या, "पोरीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला एवढी घरं फिरले न्हाईत." पण कुणा बाहेरगावच्याचा नंबर लागत नसला, तर त्याच्या आईला शोधून नंबर आणायच्या त्याच. काचपट्टीबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत, पण बाजारातून नव्या डझनभर आणून कपाटात ठेवल्या आणि सरांचं सामान आत येऊ नये म्हणून स्वयंपाकघराला कडी घातली.

निवृत्तीनंतर सरांनी कोपरगावला मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. गुडघे थकले होते. मला म्हणाले, "तिकडं नुसता ऊस. उसाच्या खोडावर काय उगवणार, कपाळ!"

सामान न्यायला टेम्पो आला. भांडी, गाद्या, पुड्यांच्या अकरा पेट्या. ड्रायव्हर तरणाबांड, तापट. कोपरगावला सामान टाकून त्याला दुसरं भाडं गाठायचं होतं. पुढे खिडकीशी सर, मध्ये वहिनी. सुमनताई, बबन, गणेश, सगळे निरोपाला उभे. सरांना कुणाकडे बघावं कळेना, म्हणून ते टपाकडे बघत होते. टेम्पो निघाला. आम्ही हात हलवले.

टेम्पो गावाच्या कमानीपुढं शंभर पावलं गेला आणि थांबला. सर खाली उतरले. तिथं ओढ्याकाठी एक जुनं करंजाचं झाड होतं. त्यावर आजवर काही नव्हतं, हे सरांनीच मला कैकदा सांगितलं होतं. ते खोडाशी गेले. हॉर्न वाजला. परत वाजला. मग ड्रायव्हर दार आपटून उतरला, हातवारे करत सरांच्या दिशेने गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. सरांनी खिशातलं भिंग काढून त्याच्या हातात दिलं.

तो वाकला.

आम्ही कमानीखाली उभे होतो. वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढून दोघांकडे बघितलं आणि डबा उघडून जेवायला सुरुवात केली.